मागे व्हायचा नियम

पहिल्या भेटीतच त्याने तिच्या पायावर स्ट्रेचर घातलं. चाक थेट करंगळीवरून गेलं. आणि स्ट्रेचरवरची म्हातारी, जिचा खुबा मोडला होता, ती खदाखदा हसत होती.

कॅज्युअल्टीत पेशंट हसत नसतो. ओरडतो, कण्हतो, देवाला नाहीतर सुनेला शिव्या घालतो. पण हसत नाही. त्यामुळे सिस्टरला आधी वाटलं, हिच्या डोक्यालाही मार लागलाय.

"हिला काय झालंय?"

"खुबा मोडलाय, सिस्टर. जिन्यावरून पडल्या."

"ते दिसतंय मला. हसतायत का?"

"मी हसवलं. रस्ता म्हणजे नुसती चाळण, प्रत्येक खड्ड्याला किंचाळायच्या. म्हटलं आजी, एकेका खड्ड्याला एकेका नातेवाइकाचं नाव देऊ या. धाकट्या सुनेचा खड्डा आला तेव्हापासून असं चाललंय."

"सुनेचा फार मोठा होता गं!" म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

"हाड सरकलं असतं म्हणजे?" सिस्टरने त्याच्याकडे बघितलं. अशा नजरेने, की ज्युनिअर डॉक्टर त्या नजरेला घाबरून औषधाचा डोस पुन्हा तपासायचे.

"नाही ना सरकलं पण…" तो म्हणाला. त्याला डोस तपासायचा नव्हता. "तुमच्या पायाचं काय? चाक गेलं बहुतेक वरून."

"काही झालेलं नाही. गाडी काढा तिथून, मागे दुसरी यायची आहे."

झालं होतं. संध्याकाळपर्यंत नख काळंनिळं पडलं आणि बुटात पाय मावेना. पण बोलेल ती सिस्टर कसली! म्हणून तर अख्ख्या कॅज्युअल्टीने तिचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. तोंडावर सिस्टर, पाठीमागे कुलूप. आणि या नव्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरचं नाव आठवडा उलटायच्या आत पडलं, 'भोंगा'. गाडीचा सायरन बंद झाला तरी त्याचा चालूच.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. लोक सिस्टरला देवदूत म्हणतात. म्हणू देत, म्हणायला काय जातं? देवदूताला निदान लघवीला जायला वेळ मिळत असेल. इथे एका हाताने कोणाचं तरी रक्त दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने सलाईन लावायचं, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत असतो. एवढं करून चेहऱ्यावर हसू हवं. आणि दारात सतत तेच, "सिस्टर, पाचच मिनिटं भेटू द्या ना… पाचच मिनिटं!" नाही. बाहेर थांबा. दिवसभर नाही म्हणायचं. रडणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं काम आहे हे, आणि ते कोणीतरी करावंच लागतं. जो करतो त्याला कुलूप म्हणतात.

तिच्या कुलपाची ख्याती तर घरापर्यंत पोचलेली. तिच्या बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते तिच्याच टेबलावर आले होते. ती डगमगली नाही. तिने ऑक्सिजन लावला, शीर शोधली, सगळं केलं. बाबा वाचले. पण अजून रोज जेवताना तेच तुणतुणं.

"शुद्ध जाताना शेवटचं काय ऐकलं मी? 'पेशंटचा शर्ट कापा!' मी पेशंट! आणि शर्ट कोणता? पहिल्यांदा घातलेला!"

"बाबा, बटणं काढत बसले असते तर आज वाद घालायला उरला नसतात."

"ते खरंय गं," बाबा म्हणायचे, "पण एकदा 'बाबा' म्हणून मग कापला असतास…"

आई वाढता वाढता मान हलवायची. "तुझ्या पोटात काय चाललंय ते मला नऊ महिने कळलं नाही, आता काय कळणार!"

"तेव्हा मी तुझ्या पोटात होते, आई."

"तेच म्हणतेय मी."

कॅज्युअल्टीच्या मागच्या बाजूला, गाड्या धुवायला एक नळ होता. एका दुपारी ती तिथे बादली मागायला गेली, तर भोंगा नळाखाली डोकं धरून रडत होता. लपून नाही, तोंड दाबून नाही. चांगला हुंदके देऊन. त्या दिवशी त्याच्या गाडीत एक शाळामास्तर गेले होते. वाटेतच. हॉस्पिटलचं फाटक दिसत असताना.

ती वळून जाणार, तेवढ्यात त्याने डोकं वर केलं. पाणी नाकावरून ठिबकत होतं.

"काय बघताय? माझं आटपलं की नळ तुम्ही घ्या."

"मला नाही लागत."

"पाणी?"

"नळ."

"लागेल कधीतरी." त्याने शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं. "तुमचा नंबर लावून ठेवतो. माझ्या मागेच तुम्ही."

तिला इतका राग आला! या माणसाला लाज कशी नाही? आणि पाच मिनिटांत तो पुन्हा गाडीत बसून पुढच्या पेशंटच्या घरचा पत्ता विचारत होता, स्वच्छ आवाजात, जणू आतलं सगळं धुवून टाकलंय. ती मात्र ते शाळामास्तर घरी घेऊन गेली, जेवताना घेऊन बसली, आणि उशाला घेऊन झोपली. मास्तर काही जायला तयार नव्हते.

मग ऑफिसला जाग आली. वॉर्डात माणसं कमी, स्ट्रेचरची चाकं वाकडी, त्याबद्दल किती वेळा ओरडून झालं होतं. त्यावर त्यांनी काय दिलं? भावनांच्या व्यवस्थापनावर एक व्याख्यान. इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस आला आणि म्हणाला, "कामावर येताना आपल्या भावना दारात काढून ठेवा. चपलांसारख्या."

मागच्या रांगेतून हात वर झाला. कोणाचा, ते सांगायला नकोच.

"सर, एक शंका. जाताना चुकून दुसऱ्याच्याच घालून गेलो तर?"

सगळा हॉल हसला. मावशी, म्हणजे कॅज्युअल्टीत तीस वर्षं फरशी पुसणारी आणि तेवढीच वर्षं सगळ्यांच्या भानगडी गोळा करणारी बाई, ती तर खुर्चीवरून घसरली. सिस्टर हसली नाही. पण तिला खोकला आला. बराच वेळ आला.

"सिस्टर, पाणी देऊ?" भोंग्याने मागून विचारलं.

"गप्प बसा हो!"

तरी खरा उपयोगी नियम त्या व्याख्यानात नव्हताच. तो मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे कॅज्युअल्टीच्या मुख्य डॉक्टर. आवाज फाटका, पण हात सोन्याचे. त्यांचा नियम असा: टेबलावर असा कोणी आला, की ज्याच्यावर इलाज करताना तुमचा हात तुमचा राहणार नाही, तर एकच शब्द बोलायचा. 'मागे.' आणि मागे व्हायचं. दुसरा कोणीतरी तुमची जागा घेईल. त्या वेळी कोणी कारण विचारणार नाही.

त्या वेळी नाही. नंतर मावशी विचारायची.

एक शिकाऊ डॉक्टर एका काकांना बघून मागे झाला, आणि संध्याकाळी सगळ्यांना कळलं की काकांची मुलगी त्याला सोडून गेली होती. आणि ड्रेसिंग करणारा मामा एकदा त्याच्या घरमालकाला बघून मागे झाला.

"आपलं माणूस वाटतं?" मोठ्या बाईंनी नंतर विचारलं.

"नाही बाई. माझ्या हातून मरेल, अशी भीती वाटली."

"चालेल. तेही कारण चालेल."

कुलूप मात्र आजवर कधी मागे झालं नव्हतं. बापासाठीसुद्धा नाही. याचा तिला अभिमान होता. का असू नये?

दिवस असेच वैतागात चालले होते. भोंगा पेशंट आणायचा, ती वैतागायची. एकदा त्याने ते वाकडं चाकच दुरुस्त केलं. ऑफिसला जे वर्षभर जमलं नव्हतं, ते त्याने स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर आणून जेवणाच्या सुट्टीत केलं.

"हे तुमचं काम नाही," ती म्हणाली.

"माहितेय. पण हे चाक तुमचं गुन्हेगार आहे. समज देऊन ठेवली त्याला. आता पाय दिसला की वळतं." त्याने स्ट्रेचर तिच्याकडे ढकललं, आणि ते खरोखरच तिच्या बुटाजवळून अलगद वळून गेलं.

"…तेल जास्त घातलंय," ती म्हणाली.

"कौतुक करायची काय ही पद्धत, सिस्टर!"

"कौतुक नाही केलं मी."

"तेच तर. तुमचं समजून घ्यावं लागतं."

ती पाठ फिरवून गेली. पण त्यानंतर एक भलतीच पीडा मागे लागली. लांबून सायरन ऐकू आला की तिला कळायचं, ही त्याची गाडी. सगळे सायरन सारखेच असतात, कोणालाही विचारा. तरी तिला कळायचं! हातमोजे घालता घालता हात थांबायचा, कान दाराकडे लागायचे. मग दार उघडायचं आणि आधी पेशंट नाही, त्याचा आवाज आत यायचा, "आलो, आलो, वाट सोडा, पाहुणे आणलेत!" आणि ती कपाळाला आठ्या घालायची. आठ्या घातल्या की बरं असतं. त्यांच्या खाली काय चाललंय ते दिसत नाही.

त्या दिवशी दुपारीही तिला तो सायरन कळला. हातमोजे घातले, दाराकडे बघितलं, आठ्या तयार ठेवल्या.

दार उघडलं. आवाज आला नाही.

गाडी दुसराच कोणी चालवत होता. स्ट्रेचर आत आलं, आणि त्याच्यावर भोंगा होता. अपघातातल्या एका बाईला गाडीत चढवताना मागून एक टेम्पो रिव्हर्स आला आणि त्याने याला गाडीच्या दारावर दाबलं. बाई सुखरूप. याच्या बरगड्या गेल्या. ओठ निळे पडत होते, श्वास अर्धाच आत जात होता, आणि छातीची एक बाजू हलतच नव्हती.

"फुप्फुसाबाहेर हवा भरतेय," मोठ्या बाई स्टेथोस्कोप कानाला लावतच म्हणाल्या. "सुई घालावी लागेल, लगेच. छाती उघडी करा!"

हे सिस्टरचं काम. कातरी तिच्या हातात होती. शर्ट खालून वर एका रेषेत कापायचा, झालं. बापाचा कापला होता, शेकडो जणांचे कापले होते.

तिने कातरी बाजूला ठेवली. आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

नीट काढलं. दुखू नये असं. मग दुसरं काढायला घेतलं. त्याची मान तिच्याकडे वळली होती, डोळे अर्धे उघडे होते, आणि त्या डोळ्यांत गंमत नव्हती, फक्त भीती होती. तिला वाटलं, हळू… याला धक्का लागता कामा नये. दुसरं बटण सुटलं. तिसरं घट्ट होतं…

"अहो सिस्टर," कोपऱ्यातून मावशीचा आवाज आला, दबलेला, "बटणं कशाला काढताय?"

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते तिचे नव्हते. इथे एकेका श्वासाची मारामार, आणि हे हात आपले हळुवार बटणं काढतायत, जणू कोणी दमून घरी आलंय! या बटणांच्या नादात तो मेला असता. तिच्यामुळे. तिच्या मायेमुळे मेला असता.

"मागे," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की कोणाला ऐकू गेला नाही.

"मागे!" ती ओरडली, आणि झाली मागे.

कोणी काही विचारलं नाही. धाकटी सिस्टर पुढे सरसावली, कातरी उचलली, शर्ट चर्रकन फाटला, मोठ्या बाईंनी सुई घातली. सुस्स करून हवा सुटल्याचा आवाज तिने दाराबाहेर पडताना ऐकला. त्याच्या पुढचं तिला बघवलं नाही.

पाय तिला मागच्या नळावर घेऊन गेले. तिने तोटी पूर्ण सोडली, डोकं पाण्याखाली घातलं, आणि जी रडली… हमसून, नाक गळेपर्यंत, युनिफॉर्म भिजेपर्यंत. त्याच्यासाठी रडली, शाळामास्तरांसाठी रडली, बाबांच्या नव्या शर्टासाठीसुद्धा रडली. बराच माल साचला होता.

मग ती आत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली, नातेवाईक बसतात तिथे. त्या बाकाची एक पट्टी सैल होती आणि पाठीत टोचत होती. एवढ्या वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? ती ऐकून कुठे घेत होती!

दार उघडलं. धाकटी सिस्टर बाहेर डोकावली आणि सवयीने ओरडली, "पेशंटचं कोण आहे?"

ही आरोळी या दारातून हजार वेळा सिस्टरनेच दिली होती. आज पहिल्यांदा ती या बाजूने ऐकली. बाकावर आणखी माणसं होती. कोणी हललं नाही. त्याची माणसं दुसऱ्या गावाहून निघाली होती, अजून पोचायची होती.

धाकटीने तिला बघितलं आणि ओशाळली. "अय्या, सिस्टर, तुम्ही… मी सवयीने—"

सिस्टर उठून उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं.

"मी आहे," ती म्हणाली. "बोल."

"बरे आहेत. छातीत नळी घातलीये, श्वास नीट चालू आहे." धाकटी थोडी घुटमळली. "त्यांनी विचारलं, शर्ट कोणी फाडला म्हणून."

घरी तिने सगळं सांगितलं. न विचारता सांगितलं, त्यामुळे आईच्या हातातला चमचा खाली पडला. बाबा मात्र शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले,

"म्हणजे त्याची बटणं काढलीस."

"दोनच, बाबा."

"आणि माझा नवा कोरा शर्ट…!"

दुसऱ्या दिवशी ती भेटायच्या वेळेत वॉर्डात गेली, साध्या कपड्यांत. तो उशीला टेकून बसला होता. नळीमुळे बोलताना धाप लागत होती, पण म्हणून गप्प बसेल तो भोंगा कसला.

"मावशी म्हणाल्या… तुम्ही 'मागे' म्हणालात."

"मावशीच्या तोंडालाच कुलूप घालायला हवं."

"कारण कोणतं, सिस्टर? आपलं माणूस… की घरमालक?"

"घरमालक!" ती फाडकन म्हणाली. "तुम्ही मला अजिबात सहन होत नाही. तुम्ही फार बोलता. पेशंटला हसवता. भर व्याख्यानात मला खोकला आणता. रस्त्यात मागे न बघता उभे राहता! टेम्पो रिव्हर्स येतोय, सगळ्या जगाला दिसतोय, तुम्हाला दिसत नाही? डोळे आहेत की नुसता भोंगाच आहे?"

"एवढा राग?"

"हो. एवढा."

"पण रागात माणूस…" त्याने श्वास घेतला, "बटणं तोडतं, सिस्टर. काढत नाही बसत."

खिडकीवर एक कबूतर येऊन बसलं. तिला त्याचाही राग आला.

"ऐका," ती शेवटी म्हणाली. "एकदाच सांगणार आहे. त्या दोन बटणांपायी तुमचा जीव जात होता. आजपासून तुम्ही माझ्या टेबलावर आलात, तर पहिल्या क्षणाला मी मागे होणार. नुसतं खरचटलं तरी मागे. तुमच्यावर मी कधीही इलाज करणार नाही. समजलं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे… दुसरी सिस्टर शोधायची मी?"

"शोधा. इलाजासाठी."

"आणि बाकी सगळ्यासाठी…?"

तिने त्याच्या चादरीची सुरकुती सरळ केली. ती आधीच सरळ होती. तरी पुन्हा केली. मग तिचा हात तिथेच राहिला, आणि त्याने त्यावर आपला ठेवला.

"बाकी सगळ्यासाठी आहे मी," ती वैतागून म्हणाली. "काय एकेक गोष्ट वदवून घेता!"

मग तिला पिशवीची आठवण झाली. "बाबांनी पाठवलंय."

आत एक नवा टी-शर्ट होता. गोल गळ्याचा, बिनबटणांचा.

"म्हणाले, त्याला हाच घालायला सांग. वेळ वाचतो."

तो हसायला लागला. बरगड्या कळवळल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना.

"हसू नका! अहो, नळी सरकेल! हसू नका म्हणते ना…" पण तिचं तिलाच आवरेना. खोकला नाही, चांगलं मोकळं हसू, अख्ख्या वॉर्डाने वळून बघावं असं.

"वेळ संपली!" दारातून त्या वॉर्डाची सिस्टर कडाडली. "नातेवाईकांनी बाहेर व्हा! चला, चला!"

काय हा आवाज! काय ही पद्धत! माणसाला काळीज म्हणून काही आहे की नाही? कुलपाचा राग आज चेहऱ्यावर लख्ख दिसत होता, कोणालाही वाचता यावा इतका. हात तिने सोडवून घेतला नाही. तशीच दाराकडे वळली आणि म्हणाली,

"पाचच मिनिटं, सिस्टर… प्लीज. पाचच मिनिटं!"